भंवरकुव्याला फी भरण्याआधी

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या मुलीस,

नाव छापू नका असं तू लिहिलंस, म्हणून मायना असा. बाकीच्या वाचकांसाठी तुझ्या पत्राचा गोषवारा देतो. तू बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, वय १९. यूपीएससीचं, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचं, दिवाळीपासून मनात आहे, अभ्यास अजून शून्य. भंवरकुव्याच्या, म्हणजे आपल्या इंदूरच्या क्लासवाल्यांच्या भागातल्या, एका क्लासने सांगितलंय की दोन वर्षांची फी या आठवड्यात भरली तर सवलत. बाबा म्हणतात करायचंच तर दिल्लीला जा. आजी म्हणते मुख्य परीक्षेला वैकल्पिक (आपण निवडायचा) विषय मराठी घे, आपलीच भाषा आहे. आणि तुझा प्रश्न: सुरुवात नेमकी कुठून करू?

फी भरू नकोस. निदान या आठवड्यात तरी नाही. सवलत पुढच्या महिन्यातही असते. भंवरकुव्याच्या आसपास माझी बरीच वर्षं गेली आहेत, 'आखिरी तीन सीटें' ही पाटी तिथे बारा महिने लटकलेली असते.

पहिलं काम जवळजवळ फुकट आहे. आयोगाच्या वेबसाइटवर जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. गेल्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेच्या दोन्ही पेपरांची प्रिंट काढ आणि रविवारी साडेनऊला मोबाइल आईकडे देऊन बस. साडेअकराला पेन खाली. जी.एस.चे (सामान्य अध्ययनाचे) १०० प्रश्न, २०० गुण, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापतात. दुपारी अडीच ते साडेचार सीसॅट, म्हणजे आकलन, तर्क आणि अंकगणिताचा पेपर, त्यात ८० प्रश्न. सीसॅटला ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ मिळाले की पुरे, २०१५ पासून तो फक्त पास होण्यापुरता आहे. म्हणूनच मुलं तो हसण्यावारी नेतात आणि जी.एस. चांगला जाऊनही घरी बसतात. तू कॉमर्सची आहेस, आकड्यांना भीत नसशील, तरी स्वतः सोडवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस.

त्या दिवशी जी.एस.चे वीस-पंचवीस प्रश्न जमतील, बाकीचे डोक्यावरून जातील. जाऊ देत. तुला बघायचंय ते वेगळंच: हे लोक विचारतात कसं? सगळ्यात लांब नदी कोणती, असं सहसा कोणी विचारत नाही. तीन विधानं देतात आणि त्यातली किती बरोबर आहेत ते विचारतात. २०२३ पासून असे प्रश्न भरपूर येतात. एक विधान पक्कं माहीत आहे म्हणून बाकीच्यांवर अंदाज मारायची सोयच राहत नाही.

आता अभ्यास म्हणजे काय, ते तुझ्या स्वयंपाकघरातूनच दाखवतो. नळ सोड. हे पाणी कुठलं? नर्मदेचं. मंडलेश्वरजवळ जलूदहून उचलून, डोंगर चढवून ते इंदुरात आणतात. तसंच वाहू दिलं असतं तर ते भरूचपाशी खंभातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्रात गेलं असतं. पण तू भांडी घासलीस की तेच पाणी नाल्यातून कान्ह नदीत जातं, कान्हेतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, पुढे यमुना, गंगा आणि शेवटी बंगालचा उपसागर. एका नळाने समुद्र बदलला! अ‍ॅटलास उघडून हा प्रवास बोटाने काढ. जानापावला आणि पातालपाणीला सहलीला गेली असशीलच. जानापावला चंबळ उगम पावते आणि उत्तरेला जाते. पातालपाणीचा धबधबा चोरल नदीचा, ती दक्षिणेला नर्मदेला मिळते. दोन्ही ठिकाणं महूच्याच आसपास. मधे काय आहे? विंध्याचा कडा. जलविभाजक हा शब्द आता तुला पाठ करावा लागणार नाही.

इथेच थांबू नकोस. नर्मदेचं पाणी कोणी किती घ्यायचं हे ठरवलं कोणी? राज्यं भांडली, १९६९ मध्ये लवाद नेमला गेला, १९७९ मध्ये निवाडा आला आणि पाणी मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान यांच्यात वाटलं गेलं. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी संविधानात कलम २६२ आहे, पाणी हा विषय मात्र राज्यसूचीत. भूगोलातून निघालीस आणि राज्यव्यवस्थेत पोचलीस. सहावी ते बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं अशी वाचायची. आधी भूगोल, मग इतिहास, नववीपासूनचं राज्यशास्त्र, अकरावीचं अर्थशास्त्र. त्यातलं अर्थशास्त्र तुला सोपं जाईल, म्हणून ते शेवटी. रोज दोन तास आणि एक वर्तमानपत्र, पाऊण तासाच्या वर नाही.

नोट्सबद्दल माझीच फजिती सांगतो. मीही एके काळी ही परीक्षा दिली होती. तीन रंगांच्या शाईत नोट्स काढल्या होत्या, पत्र्याची ट्रंक भरली होती. मुख्य परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं की घड्याळ लावून लिहायची सवय हाताला नाही. शेवटचे प्रश्न कोरे राहिले, पुढचं सांगायला नको. आता जी.एस.च्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत २० उत्तरं लिहायची असतात. म्हणून आजपासून वाचलेल्यावर रोज एक उत्तर, दीडशे शब्दांचं, हाताने. ट्रंक आईने नंतर गाद्या ठेवायला घेतली.

मराठी घेण्याच्या बाबतीत आजीचं अर्धं बरोबर आहे. वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, ५०० गुण. मुख्य परीक्षेचे धरले जाणारे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून २०२५ होतात, त्यातला हा जवळजवळ चौथा हिस्सा. मराठी साहित्य घ्यायला बी.ए. मराठी असावं लागत नाही. पण तुझी शाळा इंग्रजी, दुसरी भाषा हिंदी. पत्रात तू लिहिलंयस, 'मला माहीत नाही पडलं' आणि 'लाइट चालली गेली'. मला गोड वाटलं, आमच्याही घरी असंच बोलतात. पेपर तपासणाऱ्याला तितकं गोड वाटणार नाही. महानुभाव गद्य आणि संतकाव्यापासून आजच्या समीक्षेपर्यंत सगळं मराठीतच लिहायचं असतं. तेव्हा वर्षभर दर शुक्रवारी मराठीत दोन पानं लिहून आजीकडून तपासून घे, लाल शाईने. वर्षाअखेरीस लाल कमी दिसलं तर मराठी घे. नाही दिसलं तर कॉमर्स आणि अकाउंटन्सी हाही विषय यादीत आहे. भारतीय भाषेचा जो सक्तीचा पेपर असतो, ३०० गुणांचा, त्यात फक्त २५ टक्के लागतात आणि ते गुण पुढे धरत नाहीत. तिथे बिनदिक्कत हिंदी निवड. हे दोन मराठीचे प्रश्न वेगळे आहेत, घरात एकच समजून वाद चाललाय असं पत्रावरून वाटलं.

बाबांना सांग, पदवी होईपर्यंत दिल्लीचं नाव नको. तिथला क्लासवाल्यांचा भाग म्हणजे ओल्ड राजेंद्र नगर. राजेंद्र नगरातून उठून राजेंद्र नगरातच जायचं, तर जरा कारण हवं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या एका क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले, ते बाबांनी वाचलं असेलच. खोलीचं भाडं आणि डब्याचा खर्च वेगळाच. दिल्लीत शिकवतात त्यातलं बरंचसं आता ऑनलाइन मिळतं.

घाई नाहीच. परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला २१ पूर्ण लागतात. खुल्या गटाला ३२ पर्यंत ६ प्रयत्न, ओबीसींना ३५ पर्यंत ९. फॉर्म भरून गेली नाहीस तर प्रयत्न मोजत नाहीत, पण पूर्वपरीक्षेच्या एका जरी पेपरला बसलीस तर मोजतात. म्हणून 'सहज बसून बघू' हा प्रयोग घरीच करायचा, वर सांगितला तसा, रविवारी. बी.कॉम. मात्र नीट पूर्ण कर, चांगल्या टक्क्यांनी. २०२३ च्या परीक्षेतून १०१६ जणांची शिफारस झाली, २०२४ च्या परीक्षेतून १००९ जणांची, आणि अर्ज करणारे दहा लाखांच्या घरात असतात. हा हिशेब कॉमर्सच्या मुलीला मी काय समजावू? सोबत एमपीपीएससी, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा, ठेव. तिचा आयोग आपल्या इंदुरातच आहे आणि तिच्या मुख्य परीक्षेत हिंदीचे गुण धरतात, जे तुझ्या पथ्यावर पडेल.

रविवारचा पेपर झाला की किती बरोबर, किती चूक आणि किती सोडले, हे तीन आकडे मला कळव. क्लासचा विचार त्यानंतर करू. आजीला नमस्कार सांग, आणि लाल पेन आणून दे.