रिपोर्ट बोगस असला म्हणून माळवद चांगलं ठरत नाही

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि फोटो मोठे करून करून बघितले. ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतला जुना वाडा, तीन खोल्या, वर माळवद म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत, ताईंच्या आजेसासऱ्यांपासूनची भाडेकरी, भाडं महिना ४०० रुपये, मालक पुण्याला. दहा-अकरा वर्षांत मालकाने एक रुपयाची दुरुस्ती केली नाही, आणि आता अचानक एक इंजिनिअर आणून 'इमारत सी-वन, अतिधोकादायक' असा रिपोर्ट काढला, तो महापालिकेत दिला, महापालिकेने धोकादायक इमारतीबद्दलची, महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस दाराला चिकटवली आणि पाठोपाठ मालकाच्या वकिलाची नोटीस की १५ दिवसांत जागा खाली करा. सोबत एक माणूस पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन आला, 'स्वखुशीने ताबा सोडत आहोत' असं लिहिलेला, आणि म्हणाला सही करा, नवीन बिल्डिंगमध्ये तुम्हाला रूम नक्की देऊ. ताईंचे तीन प्रश्न आहेत: रिपोर्ट खोटा आहे का, नोटीस मालकाच्या नावाने आहे तर आम्हाला लागू होते का, आणि बाहेर पडलो तर हक्क जातो का.

पहिली गोष्ट, त्या स्टॅम्पवर सही केली नाहीत हे लाख मोलाचं काम केलंत. कारण कायद्याने छत पडलं म्हणून भाडेकरी संपत नाही, पण तुमच्या सहीने संपते. शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या केसमध्ये २०१४ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की बांधकाम पाडलं गेलं तरी भाडेकरूचा हक्क आपोआप बुडत नाही, तो जमिनीला धरून राहतो. सोलापुरात अर्ध्या भाडेकरूंना वाटतं की वाडा उतरवला की आपला विषय संपला, म्हणून ते मोडक्या छताखाली जीव मुठीत धरून बसून राहतात, आणि मालकालाही तेच वाटतं म्हणून तो छत मोडायची वाट बघतो. दोघांचाही हिशोब चुकतोय.

आता रिपोर्ट. मी वकील, इंजिनिअर नाही, पण उलटतपासणीत इतक्या इंजिनिअरांना उभं केलंय की रिपोर्ट कसा वाचायचा ते शिकलोय. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये रिबाउंड हॅमरची, म्हणजे काँक्रीटची ताकद मोजायच्या हातोडीची, सहा ठिकाणची रीडिंग आहेत आणि त्यावरून 'काँक्रीटची ताकद कमी झाली' असा निष्कर्ष काढलाय. ताई, तुमच्या घरात काँक्रीट आहेच कुठं? मागच्या संडासाचा स्लॅब, तेवढाच. बाकी सगळं दगडमातीची भिंत, सागाची तुळई, लाकडी कड्या-फळ्यांचा कडीपाट आणि वर पांढरी माती. म्हणजे साहेबांनी संडासावर हातोडी ठोकली आणि सगळ्या वाड्याला फाशी दिली, किंवा दुसऱ्या कुठल्या अपार्टमेंटचा रिपोर्ट उचलून नाव बदललं, मला तर दुसरंच जास्त वाटतंय कारण पान चारवर 'पार्किंगचे कॉलम' असं आलंय. तुमच्या वाड्याला पार्किंग नाही, बोळात सायकलसुद्धा आडवी लागते.

पण थांबा, खूश होऊ नका. रिपोर्ट बोगस आहे म्हणून छत चांगलं होत नाही. तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय की मधल्या खोलीची तुळई खाली वाकलीय, त्या खोलीचं दार यंदाच्या पावसाळ्यापासून लागत नाही आणि पश्चिमेच्या भिंतीला पोट सुटलंय. नुसती माती गळते हे मी फार मनावर घेतलं नसतं, माळवदातून माती गळतेच, आपण सगळे जेवताना ताटावर दुसरं ताट झाकून मोठे झालोय. पण दार अडकणं म्हणजे चौकटीवर वजन आलंय, आणि भिंतीला फुगा म्हणजे दगडांच्या दोन थरांच्या मधली माती सुटून बाहेरचा थर वेगळा पडतोय. या दोन गोष्टी एकत्र असल्या की मी कोर्टाचं नंतर बघतो.

वजनाचा एक हिशोब करून बघा. मधली खोली दहा बाय बारा, मातीचा थर तुमच्या सासऱ्यांच्या अंदाजाने सव्वा फूट, म्हणजे १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास. मुरूम आणणाऱ्या कुठल्याही टेम्पोवाल्याला विचारा दीड ब्रास म्हणजे काय, कोरडी असताना साधारण सात टन. हे सात टन पहिल्या दिवसापासून नव्हते. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी गळती थांबवायला वर नवी पांढरी माती टाकायची आपली पद्धत, जुनी काढायची कुणी तसदी घेत नाही, त्यामुळं थर वाढत जातो आणि खाली लाकूड मात्र तेच म्हातारं. त्यात माती भिजली की वजन आणखी वाढतं, आणि आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात येतो, तो अजून यायचाय.

आणि आता रागावू नका, पण त्यावर तुमच्या दिरांनी १००० लिटरची टाकी ठेवलीय. भरली की एक टन, तोही एकाच जागी. मला माहितीय का ठेवली, आपल्याकडं नळाला पाणी चार-चार पाच-पाच दिवसांनी येतं, साठवणार कुठं. पण ती टाकी उद्या कोर्टात मालकाचा वकील पहिल्याच फोटोत दाखवणार, की बघा साहेब, छत भाडेकरूनेच बिघडवलं. ती आधी रिकामी करा आणि खाली अंगणात आणा, वरचा माणूसही एकच जाऊ दे, चार जण चढू नका.

तुमच्या सासऱ्यांची पिढी किल्लारी विसरलेली नाही, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे सोलापूरही हललं होतं. तिथं माणसं मेली ती दगडमातीच्या भिंती आणि वरच्या जड मातीखाली दबून. पण तिथलीच दुसरी गोष्ट अशी की ज्या घरांत माळवद लाकडी खांबांच्या खणांवर, म्हणजे खांब-तुळयांच्या चौकटींवर होतं तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती बाहेर पडल्या तरी खण उभे राहिले आणि माणसं वाचली. म्हणून तुम्ही जो इंजिनिअर आणाल त्याला पहिला प्रश्न हा विचारा की आमच्या तुळया खांबावर टेकल्यात का भिंतीत खुपसल्यात. फोटोत पुढच्या खोलीत खांब दिसतात, मधल्या खोलीत दिसत नाहीत. तसं असेल तर दोन खोल्यांचं उत्तर वेगळं येईल, आणि सगळा वाडा एकाच अक्षरात बसवणाऱ्या रिपोर्टला तिथंच तडा जातो.

हो, इंजिनिअर तुम्हीच आणायचा. महापालिकेकडं नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी करून घ्यायची जबाबदारी मालक किंवा ताबा असणारा यांच्यावर आहे, म्हणजे तुम्ही ऑडिट केलं तर ती लुडबुड नाही. त्याला लेखी द्या की काय बघायचं: तुळईची भिंतीत गेलेली टोकं गिलावा खरवडून उघडी करा कारण कूज आणि वाळवी तिथंच आधी लागते, बाहेरून लाकूड तुकतुकीत असतं आणि आत दाभण कचकन घुसतं. मातीत एक छोटा खड्डा घेऊन थराची जाडी मोजा, तुळईची रुंदी-खोली आणि दोन टेकूंमधलं अंतर लिहा, ती किती वाकलीय ते दोरी ताणून मोजा, भिंतीला ओळंबा लावा. मग या आकड्यांवरून हिशोब करून खोलीनिहाय निष्कर्ष द्या. वाळूची पोती वर ठेवून बघू म्हणणारा कुणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, असल्या छतावर ती टेस्ट म्हणजे आजारी माणसाला पळवून बघणं.

वर्गवारीही समजून घ्या, कारण सगळा खेळ त्यावर आहे. सी-वन म्हणजे तात्काळ रिकामं करून पाडणं, सी-टू-ए म्हणजे रिकामं करून मोठी दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे रिकामं न करता दुरुस्ती, सी-थ्री म्हणजे किरकोळ दुरुस्ती. माझा अंदाज, फक्त अंदाज, की तुमची मधली खोली सी-टू-ए च्या आसपास जाईल आणि पुढची वाचेल. तसा रिपोर्ट आला की लगेच आयुक्तांच्या नावे अर्ज करा, महापालिकेच्या इंद्रभुवनात आवक-जावकला देऊन शिक्का घ्या, की दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध आहेत, तिसऱ्या तज्ज्ञांकडून तपासून मगच निर्णय घ्यावा. मुंबई हायकोर्टाने २०१४ साली मुंबईतल्या मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी जी तत्त्वं घालून दिली त्यात भाडेकरूचा रिपोर्टही विचारात घ्यायचा आणि मतभेद असला तर तांत्रिक समितीपुढं ठेवायचा असं आहे. ते प्रकरण मुंबईचं, पण अर्जात आधार म्हणून जरूर लिहा.

नोटीस मालकाच्या नावाने असली तरी कलम २६४ मध्ये मालक किंवा भोगवटादार, म्हणजे जागेत राहणारा, असे दोघेही येतात, त्यामुळं 'आमचं नाव नाही' म्हणून कचऱ्यात टाकायची नाही. मात्र ती नीट वाचा. त्या कलमात पाडा एवढंच नाही, आधार द्या, दुरुस्त करा हेही आहे. तुमच्या नोटिशीच्या फोटोत 'दुरुस्ती करावी अथवा उतरवून घ्यावी' असं दिसतंय, आणि मालकाच्या वकिलाने त्यातलं पहिलं अर्धं गिळून टाकलंय.

मालकाच्या त्या १५ दिवसांना काही अर्थ नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा भाडेकरू वकिलाच्या पत्राने निघत नाही, कलम १६ खाली कोर्टाचा हुकूम लागतो. दुरुस्तीसाठी जागा हवी असेल तर दुरुस्ती झाल्यावर परत आत घ्यायची तरतूद आहे, नवं बांधायचं असेल तर त्याच्याही अटी आहेत. पाडायचा महापालिकेचा हुकूम झाला तर तो वेगळा मुद्दा, पण तेव्हाही मालकाला ताबा घ्यायचा तर कोर्टाची पायरी चुकत नाही. लाईट तोडली, पाणी बंद केलं तर कलम २९ आहे, लगेच कळवा. दुरुस्ती कलम १४ प्रमाणे मालकाची जबाबदारी, १५ दिवसांची नोटीस देऊनही केली नाही तर तुम्ही करून भाड्यातून कापू शकता, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं ४८०० म्हणजे वर्षाला १२०० रुपये, त्यात सुतार तुळईकडं बघायलाही येणार नाही. तरीही नोटीस द्याच, कारण अकरा वर्षं मालक झोपला होता हे कागदावर यायला पाहिजे. भाडं मात्र एक महिनाही चुकवू नका, घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती जपून ठेवा.

बाहेर पडायची वेळ आलीच तर हात हलवत पडायचं नाही. आधी तिन्ही खोल्यांची मोजमापं, फोटो, शेजाऱ्यांसमोर पंचनामा, भाडेपावत्या, लाईट बिल, रेशनकार्ड. मग महापालिकेला लेखी द्यायचं की जिवाच्या धोक्यामुळं तात्पुरतं बाहेर जातोय, ताबा किंवा भाडेहक्क सोडलेला नाही, आणि आमच्या ताब्यातल्या क्षेत्राची नोंद करून दाखला द्या. त्याची एक प्रत मालकाला स्पीड पोस्टाने. कुलूप तुमचं, सामान थोडं आत.

सासरे म्हणतात मी माझ्या बापाच्या घरातच मरणार. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की हक्क टिकवायला जिवंत भाडेकरू लागत नाही पण केस चालवायला मला लागतो, साक्ष त्यांचीच सगळ्यात भारी आहे. त्यांचं अंथरूण आज रात्रीच मधल्या खोलीतून पुढच्या खोलीत, खांबांच्या बाजूला आणा आणि तुळईखाली दोन लाकडी टेकू लावून घ्या. इंजिनिअरचा रिपोर्ट हातात आला की सगळे कागद घेऊन या, स्टॅम्प पेपरवाल्या माणसाचा नंबर असेल तर तोही आणा.