सातवा पर्सेंटाइल आणि दोन आठवड्यांची वाट

प्रश्न: ताई, मला ३४ आठवडे पूर्ण झाले आहेत. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचे वजन १,९०० ग्रॅम, सातव्या पर्सेंटाइलवर आले. पोटाचा घेर ३२ आठवड्यांचा दिसतो आणि नाळेचा एक वेढा मानेभोवती आहे. ‘बाळ जरा लहान आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू,’ एवढेच डॉक्टर म्हणाल्या. घरचे म्हणतात, मी नीट खाल्ले नाही. नवऱ्याला मी रिपोर्ट अजून दाखवलेला नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. माझे काय चुकले?

उत्तर: तुमचे काही चुकलेले नाही, हे सर्वांत आधी सांगते, आणि ते केवळ धीर देण्यासाठी सांगत नाही. बाळाला पोषण मिळते ते वारेतून (प्लॅसेंटातून), आणि वारेचे काम तुमच्या दोन घासांनी कमी-जास्त होत नाही. वार कमी पडत असेल तर जास्त खाऊन किंवा दिवसभर पडून राहून ती उणीव भरून निघत नाही. त्यामुळे घरच्यांचे बोलणे मायेपोटी असले तरी त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आता रिपोर्टकडे वळू. सोनोग्राफीत बाळाचे वजन केले जात नाही, त्याचा अंदाज बांधला जातो. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी ही मापे एका सूत्रात घालून तो आकडा निघतो, आणि त्यात १० ते १५ टक्क्यांचा फरक पडणे नेहमीचे आहे. तुमचे १,९०० ग्रॅमचे बाळ प्रत्यक्षात १,६५० ग्रॅमचे असू शकते, तसेच २,१५० ग्रॅमचेही असू शकते. सातवा पर्सेंटाइल म्हणजे तेवढ्याच आठवड्यांची शंभर बाळे वजनाप्रमाणे ओळीने लावली, तर तुमचे बाळ खालून सातवे येईल. दहाव्याच्या खाली असलेल्या बाळाला लहान म्हणण्याचा संकेत आहे. त्यांतली बरीच बाळे अंगकाठीनेच लहान आणि पूर्ण निरोगी असतात, काहींची वाढ मात्र खरोखर खुंटलेली असते, आणि हा फरक एकट्या वजनावरून ओळखता येत नाही. म्हणून ‘काळजीचे काही कारण नाही’ असे मी लिहिणार नाही.

पोटाच्या घेराकडे डॉक्टर बारकाईने पाहतात, त्याला कारण आहे. बाळाच्या यकृतात साखरेचा साठा असतो. पोषण कमी पडू लागले की बाळ मेंदूकडचा रक्तपुरवठा जपते आणि हा साठा आधी आटतो, त्यामुळे डोके ठीक वाढत असतानाही पोट मागे राहते. तेव्हा रिपोर्ट पुन्हा उघडा आणि त्यात डॉप्लरच्या, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या तपासणीच्या, ओळी शोधा. नाळेच्या धमनीत बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणीही रक्त वारेकडे पुढे वाहत राहिले पाहिजे. तो प्रवाह नीट असेल, तर वार आपले काम करते आहे असे मानायला चांगला आधार मिळतो. तो थांबलेला किंवा उलटा दिसत असेल, तर दोन आठवडे थांबण्याचा प्रश्नच राहत नाही. त्याच पानावर गर्भजलाचे मापही असते. सर्वांत खोल कप्पा २ ते ८ सेंटिमीटरचा असेल तर ते साधारण मानले जाते. डॉप्लर झालाच नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तो करून घ्यावा का, हे डॉक्टरांना उद्याच फोन करून विचारा.

नाळेच्या वेढ्याने तुम्हाला सर्वांत जास्त घाबरवलेले दिसते. खरे तर असा वेढा पुष्कळ बाळांना असतो, आणि पोटातले बाळ गळ्यातून श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू नाळेतूनच मिळतो. एका सैल वेढ्यासाठी झोप घालवू नका.

दोन आठवडे का थांबवले, हे तुम्हाला कोणी समजावून सांगायला हवे होते. मापातच एवढा फरक पडत असल्यामुळे चार दिवसांनी पुन्हा मोजले, तर वाढलेली दिसते ती वाढ की मोजण्यातली चूक, हे कळणार नाही. वजनासाठी ते अंतर योग्यच आहे. डॉप्लर आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख मात्र त्याआधीही काढता येतो, आणि तुमच्या बाबतीत तो किती दिवसांनी काढायचा, हे स्पष्ट विचारून घ्या. प्रसूतीची तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून ठरवली की नुसत्या पाळीवरून, हेही विचारा, कारण एका आठवड्याच्या फरकाने पर्सेंटाइल बदलतो. तुम्ही आधीच्या सोनोग्राफींबद्दल काहीच लिहिले नाही, ते रिपोर्ट मात्र बरोबर न्या. बाळ सुरुवातीपासून याच रेषेच्या आसपास असेल तर तो दिलासा आहे. आधी पन्नासाव्यावर असून आता सातव्यावर उतरले असेल, तर डॉक्टरांचा विचार वेगळा असेल.

नवऱ्याला आजच रिपोर्ट दाखवा. त्यांना काळजी वाटेल, पण तुम्ही एकटीने जागून ती टळणार नाही, आणि तपासणीच्या खोलीत एकाने ऐकावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे लागते.

या दोन आठवड्यांत तुमच्या हाती एक मोठे काम आहे. शेवटच्या दिवसांत जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलते, हा समज चुकीचा आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, पण बाळाने अगदी प्रसूतीपर्यंत रोजच्यासारखे हलत राहिले पाहिजे. तुमच्या बाळाची रोजची वेळ आणि जोर तुम्हालाच ठाऊक आहे. ती हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे चमकू लागले किंवा पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखले, तर सकाळची वाट पाहू नका. घरी ठोके ऐकण्याचे यंत्र असले तरी त्यावर विसंबू नका, आणि फाइल शोधत बसू नका. तशाच दवाखान्यात जा.