मुलाला कर्लिंग लीगमध्ये घालावं का? मुलुंडच्या ताईंसाठी

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला. यजमानांच्या नोकरीमुळे ऑगस्टमध्ये दोन वर्षांसाठी कॅनडात ओटावाला जायचंय, मुलाला बारा पूर्ण झालीत, आणि तिथल्या ओळखीच्यांनी मुलांच्या कर्लिंग लीगचं नाव सुचवलंय. तुमच्या शंका तीन. मुंबईत वाढलेल्या मुलाला बर्फावर उभं तरी राहता येईल का, बारा म्हणजे उशीर झाला का, आणि बर्फावर झाडू मारायच्या या प्रकाराला खेळ म्हणायचं का.

आम्ही ओटावाच्याच ऑन्टारियो प्रांतात पाच वर्षं होतो. लेक अकराव्या वर्षी कर्लिंगला गेली आणि चार हिवाळे खेळली. गेल्या वर्षी पार्ल्याला परत आलो. त्यामुळे जे सांगतेय ते घरात घडलेलं आहे.

घाला. आणि पहिल्याच मोसमात घाला. "आधी शाळेत रुळू दे, मग बघू" असं आम्ही केलं आणि तिचा एक अख्खा हिवाळा खिडकीत बसून गेला. कर्लिंगचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मार्च, नावनोंदणी उन्हाळ्याच्या शेवटी. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हाच ती चालू असेल, सामान उघडायच्या गडबडीत विसरू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे घड्याळं तासभर मागे घेतात, आणि महिन्याच्या मध्यावर ओटावात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपण मुलांना "जा खाली खेळायला" म्हणून मोकळे होतो. तिथे त्या वेळी खाली कुणी नसतं. मुलाला आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चार मुलांमध्ये जायला जागा हवी, ही गरज फार मोठी आहे. ती मला उशिरा कळली, म्हणून इतकं आवर्जून लिहितेय.

आता खेळाबद्दल. बर्फावरून जड दगड सरकवत नेऊन पलीकडच्या टोकाच्या वर्तुळांत थांबवायचा, असा हा खेळ. तुमच्याकडे कॅरम असणारच. मुलाला समजावताना तिथूनच सुरुवात करा. कॅरमला आपण बोरिक पावडर टाकतो ती घर्षण कमी व्हावं म्हणून. कर्लिंगला मॅचच्या आधी एक माणूस पाठीवर पाण्याची टाकी घेऊन मागे मागे चालत बर्फावर थेंब शिंपडतो. ते थेंब गोठून बारीक पुरळासारखे उंचवटे तयार होतात, त्याला पेबल म्हणतात. दगडाचा तळ खोलगट असतो, बर्फाला टेकते ती फक्त एक अरुंद कडा, आणि ती या उंचवट्यांवरून धावते. काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर तोच दगड फार लवकर अडतो. लेकीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने घरच्या कॅरम बोर्डाकडे बोट दाखवून "आई, पावडर!" म्हटलं होतं.

दगड ग्रॅनाइटचा, जास्तीत जास्त १९.९६ किलोचा. ऑलिंपिकच्या दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरून येतो. दगड ज्या पट्टीवर धावतो तिला शीट म्हणतात. लांबी सुमारे ४५ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या टोकाला टोक जोडल्या तरी पाच मीटर उरतील. पलीकडच्या टोकाला ३.६६ मीटर व्यासाची वर्तुळं असतात, ते घर. मधला ठिपका म्हणजे बटन. एका संघात चार जण, प्रत्येकाचे दोन दगड. दोन्ही संघांचे सोळा दगड टाकून झाले की एक एंड संपतो. ज्या संघाचा दगड बटनाला सर्वांत जवळ, त्यालाच गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत आपले जितके दगड, तितके गुण. शेवटचा दगड ज्याच्या हाती असतो त्याच्याकडे हॅमर आहे म्हणतात, आणि सगळं डावपेच त्याच्याभोवती फिरतं. राणी कधी घ्यायची आणि कुणाची सोंगटी अडवून ठेवायची हा विचार ज्या मुलाला करता येतो, त्याला हे पटकन समजतं.

एक प्रयोग घरी करून बघा. पालथा पेला ओट्यावर गोल फिरवत पुढे ढकला. तो ज्या बाजूला फिरतोय त्याच्या उलट बाजूला वळेल. कर्लिंगचा दगड मात्र ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला वळतो. असं का, यावर शास्त्रज्ञांचं अजूनही पूर्ण एकमत नाही. बारा वर्षांच्या मुलाला असं उत्तर न मिळालेलं कोडं द्या, तो महिनाभर पेले सरकवत बसेल.

झाडूचं म्हणाल तर झाडणारे दोघं सगळ्यात जास्त दमतात. जोर लावून घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग क्षणभर तापतो, घर्षण घटतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे दगड हातातून सुटल्यावरही त्याचं काय करायचं ते संघ ठरवत असतो. स्किप, म्हणजे संघाचा कप्तान, पलीकडून ओरडतो, झाडणारे दगडाचा वेग डोळ्यांनी जोखून परत ओरडतात. वेगाला ते वेट म्हणतात, ते ऐकून सुरुवातीला मुलाचा गोंधळ होईल. हा खेळ दमाचाही आहे. लेक पहिल्या महिन्यात घरी आली की जेवून सरळ झोपायची.

बारा म्हणजे उशीर अजिबात नाही. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या मुलींनी रौप्यपदक घेतलं. त्यातल्या बहुतेक जणी उइसोंग नावाच्या लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या गावच्या, आणि काहींची सुरुवात हायस्कूलच्या वयात झाली. बर्फावरच्या हॉकीत बारा वर्षांच्या नवख्याला चार-पाच वर्षांपासून स्केटिंग करणाऱ्या मुलांमध्ये उतरावं लागतं. कर्लिंगला स्केट नसतातच. बूटच असतात, एकाच्या तळाला घसरणारा टेफ्लॉनचा स्लायडर आणि दुसऱ्याला पकड धरणारं रबर. लहान मुलांसाठी साधारण निम्म्या वजनाचे दगड ठेवलेले असतात. वयोगट क्लबागणिक वेगळे, त्यामुळे तुमचा मुलगा हलक्या दगडांच्या गटात बसेल की पुढच्या, ते नाव घालतानाच विचारा. काठकुळा असेल तर हलके दगड मागा. मोठा दगड उचलायचा नसतोच, सरकवायचा असतो, तरीही पहिल्या वर्षी आत्मविश्वासाला ते बरं पडतं.

बर्फाबद्दलची भीती रास्त आहे आणि त्यावर एकच नियम पाठ करून घ्या: बर्फावर पाय ठेवताना पहिला पाय रबराचा, स्लायडरचा कधीच नाही. आमच्या लेकीने पहिल्याच दिवशी उलट केलं आणि पाठीवर आपटली. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून निभावलं. पुष्कळ क्लब मुलांना हेल्मेट सक्तीचं करतात. तुमच्या क्लबात नसलं तरी तुम्ही घालाच. बाकी सामान आधी विकत घेऊ नका. दगड क्लबचे असतात, झाडू आणि स्लायडर पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी वापरायला मिळतात. बूट फक्त आत घालायचे, बाहेरचा एक खडा बर्फावर पडला तर दगडाची वाट बिघडते. जीन्स नको, गुडघा पूर्ण वाकेल अशी ताणली जाणारी पँट हवी. हॉलमध्ये थंडी असते, पण झाडायला लागलं की घाम येतो, तेव्हा जाड जाकीट घालून त्याला बांधून टाकू नका.

ज्यासाठी मी हा खेळ सगळ्यात आधी सुचवेन ती गोष्ट वेगळी आहे. मुलांच्या साध्या लीगच्या मॅचला पंच नसतो. सुरुवातीला सगळे एकमेकांशी हात मिळवतात, "गुड कर्लिंग" म्हणतात, शेवटी पुन्हा हात मिळवतात. आपला झाडू किंवा पाय चालत्या दगडाला लागला तर ते आपणच लगेच सांगायचं असतं. गुण किती झाले ते दोन्ही संघांचे व्हाइस-स्किप, म्हणजे उपकप्तान, घराजवळ उभे राहून आपसात ठरवतात. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा शेवटच्या एंडला लेकीचा झाडू दगडाला चाटून गेला. कुणालाच दिसलं नव्हतं, मलाही काचेमागून दिसलं नव्हतं. तिने स्वतःहून हात वर केला आणि ती मॅच त्यांनी घालवली. समोरच्या संघाची स्किप येऊन तिच्याशेजारी बसली. मॅचनंतर दोन्ही संघांनी एकत्र बसायचं आणि जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना काहीतरी प्यायला द्यायचं ही या खेळाची जुनी रीत आहे, मुलांमध्ये ते हॉट चॉकलेट असतं. त्या दिवशी टेबलावर सुरू झालेली मैत्री आजही टिकून आहे, इथे रात्र आणि तिथे सकाळ असताना दोघी बोलत असतात. नव्या देशात, नव्या उच्चारांत, वर्गात कुणाशी बोलावं हे न सुचणाऱ्या मुलाला असं टेबल आयतं मिळतं. तिथे बसावंच लागतं, त्यामुळे ओळख कशी काढायची हा प्रश्नच उरत नाही.

तुम्हालाही त्या टेबलाशी बसायला लागेल, आणि बसा. बरेच क्लब पालकांच्या हातांवर चालतात. मी पहिल्या वर्षी काचेमागे पुस्तक घेऊन बसायचे, दुसऱ्या वर्षी खाण्याच्या टेबलाची जबाबदारी घेतली, आणि माझ्या तिथल्या निम्म्या ओळखी त्यानंतरच्या आहेत. बॉनस्पील म्हणजे दिवसभराची स्पर्धा असते तेव्हा शाकाहारी मुलासाठी डबा घरून न्या. मी बटाट्याचे पराठे जास्तीचे न्यायचे, उरायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र आमची चुकली. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी तिला स्पर्धात्मक संघात ये म्हणून विचारणा झाली. आम्हाला अभिमान वाटला, आम्ही हो म्हटलं. मग शनिवार-रविवार गाडीत, रात्री हॉटेलात, आणि तिथल्या एका प्रशिक्षकाने चुकलेल्या प्रत्येक दगडाचा हिशेब मुलांना सगळ्यांसमोर विचारायला सुरुवात केली. जानेवारीपर्यंत ती खेळाच्या आदल्या रात्री जेवेनाशी झाली. मोसम अर्धा टाकून आम्ही तिला साध्या लीगमध्ये परत आणलं. तुमच्याकडे दोनच वर्षं आहेत. दोन्ही वर्षं साध्या लीगमध्येच काढा, मुलगा कितीही चांगला खेळला तरी. आणि पहिल्या वर्षी त्याला लीड, म्हणजे पहिले दोन दगड टाकणारा, केलं तर नाराज होऊ नका. लीडला नंतरचे सहाही दगड झाडायला मिळतात, वेग डोळ्यात बसतो तो तिथेच.

ओटावाला जाताय हे तर छानच. तिथला ओटावा कर्लिंग क्लब १८५१चा आहे. जिच्या संघाने २०१७, २०२४ आणि २०२५ साली महिलांचं जागतिक विजेतेपद मिळवलं ती रेचल होमन त्याच शहरातली.

निघायला अजून वेळ आहे, तोवर मुंबईत बर्फ शोधत फिरू नका, गरज नाही. दगड सोडताना एक पाय पूर्ण दुमडून त्यावर शरीर तोलायचं आणि दुसरा पाय मागे लांब सोडायचा असतो. घरात फरशीवर पायमोजा घालून, एका हाताने खुर्चीचा आधार घेऊन, रोज पाच मिनिटं ही बैठक करू दे. मल्लखांब किंवा योगासनं करत असेल तर त्याला हे सोपं जाईल. आणि रात्री कॅरम खेळा, पण सोंगटी भोकात न घालता बरोबर मधल्या वर्तुळात नेऊन थांबवायची, असा नियम करून. जोरात मारायची सवय मोडायला याच्यासारखा उपाय नाही.

लेकीचा जुना झाडू आणि स्लायडर आमच्याकडे कपाटावर पडून आहेत. तिला आता स्लायडर लहान होतो, तुमच्या मुलाला कदाचित बरोबर बसेल. एखाद्या रविवारी त्याला घेऊन पार्ल्याला या. ती घरी असते, आमच्या लांब पॅसेजमध्ये त्याला सगळं करून दाखवेल.