नळाला जड पाणी येतं, गिझर सारखा बिघडतो. आरओ बसवला तर फरक पडेल का?

गिझरला काडीचाही फरक पडणार नाही. पिण्याच्या पाण्यातले क्षार गाळणारा आरओ बसतो स्वयंपाकघरात, गिझरला पाणी जातं थेट टाकीतून. पण तुम्ही पुढे लिहिलंय की विक्रेत्याने पाण्यात दोन दांड्या घालून ‘नळाच्या पाण्यातली घाण काढून दाखवली’. ते वाचलं आणि राहवलं नाही.

हाच खेळ आमच्या घरी झालाय. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते, पण विक्रेता आला तेव्हा मी कामावर होते. घरी आई आणि दादा. दोन पेले, एकात नळाचं पाणी, एकात यंत्राचं. वीज सोडल्यावर नळाच्या पाण्यात आधी हिरवट धागे सुटले, मग तपकिरी गाळ आणि वर मळकट फेस. दुसरा पेला नितळच राहिला. “इतकी वर्षं पोरांना मी हे पाजलं?” म्हणून आई रडकुंडीला आली आणि दादाने तिथल्या तिथे ऑर्डर देऊन टाकली.

यंत्र बसवायला तो माणूस पुन्हा आला, त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. त्याला तोच प्रयोग पुन्हा करायला लावला, फक्त त्याच्या यंत्राच्या नितळ पाण्यात आधी चिमूटभर मीठ ढवळलं. बघता बघता तोही पेला तपकिरी झाला. गाळ पाण्यातला नसतोच, दांडीतला असतो. दांडी लोखंडाची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पेल्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने वीज फारशी वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. पाणी जड करणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर रंगहीन असतात, ते त्या पेल्यात दिसणार कुठून? घाबरलेल्या आईसमोर असा प्रयोग करून माल विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं, “पण मीटर तर खोटं बोलत नाही ना?” तेव्हापासून तो टीडीएस मीटर घेऊन नातेवाइकांच्या घरचं पाणी मोजत फिरतो. मीटर खोटं बोलत नाही, पण तो मोजतो पाण्याची वीजवाहकता आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. जंतू तर त्याच्या गावीही नसतात. आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे आणि दादाचा मीटर एका मिलिग्रॅमच्या खाली काही दाखवत नाही. सॉफ्टनरमधून, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून, पाणी काढून बघा. साबणाला छान फेस येतो, जडपणा गेलेला असतो, पण मीटरवर आकडा जवळपास तोच. कारण कॅल्शियम जाऊन त्याच्या जागी सोडियम आलेलं असतं. दादा, जड पाणी मीटरने ओळखता येत नाही, हे मी अजून किती वेळा सांगू?

आता तुमचा गिझर. आमचाही आरओ आल्यावर जळालाच. उघडला तर कॉइलवर बोटभर पांढरा थर आणि टाकीच्या तळाला खपल्यांचा ढीग. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं, वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट जिथे सगळ्यात गरम तिथेच बसतं, म्हणजे कॉइलवर. त्या थराखाली कॉइलची उष्णता अडकते आणि ती जळते. तेव्हा थर्मोस्टॅट 60 अंशांच्या वर नेऊ नका, कारण पाणी जितकं गरम तितका थर जास्त. कॉइल जळायची वाट न बघता थर काढून घ्या, सायट्रिक ॲसिडने तो फसफसून सुटतो. शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवली तरी पुरते.

कायमचा उपाय हवा तर न्हाणीघराच्या लाइनवर सॉफ्टनर. पण त्याआधी प्रयोगशाळेतून एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, तपासून घ्या. मोजमाप लिटरला मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. 60 पर्यंत मऊ, 120 च्या पुढे जड, 180 च्या पुढे फारच जड. 120 च्या आत असेल तर सॉफ्टनर घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. तुरटीने पाणी नितळ होतं, मऊ होत नाही. जड पाण्याने केस राठ होतात म्हणतात, ते मात्र खरं आहे, साबणाचा न विरघळणारा चोथा त्यांवर बसतो.

पिण्यासाठी म्हणाल तर निव्वळ जडपणाची भीती बाळगू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून काठिण्याला मर्यादा घातलेलीच नाही. सॉफ्टनरचं पाणी मात्र पिऊ नका, निदान घरात कोणाचं मीठ बंद असेल तर नक्कीच नको. काठिण्याच्या दर 100 मिलिग्रॅममागे साधारण 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतं.

आणि हो, पाणी बोअरचं असेल तर फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिकही तपासायला द्या. त्यांपैकी काही जास्त निघालं तर आरओ जरूर बसवा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे. तो निर्णय तपासणीच्या कागदावर घ्या. काठिण्याचा आकडा आला की कळवा, सॉफ्टनर केवढा लागेल ते सांगते.