नर्सबाईंनी खाऊ द्यावा का?

प्रश्न : शाळेतल्या नर्सबाई चक्कर आलेल्यांना बिस्किटं देतात. आता मधल्या सुट्टीआधीच दाराशी रांग लागते. हे थांबवावं का?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : थांबवू नका, पण सरसकट वाटपही नको. सकाळी काय खाल्लं हे आधी विचारावं. उपाशी असेल तर पाणी आणि केळं पुरतं. शेंगदाण्याची चिक्की मात्र अ‍ॅलर्जीची नोंद पाहिल्याशिवाय कुणालाच नको.

मधुमेही मुलाचं वेगळं. रक्तातली साखर 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ठसका लागून जीव जाऊ शकतो. कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.

एखादं मूल वारंवार उपाशी येत असेल, तर वर्गशिक्षिकेने आईवडिलांशी बोलावं, मुलांदेखत अजिबात नाही.