डिसेंबरअखेर आईवडिलांना घेऊन पाच दिवस दिल्ली: आग्रा एका दिवसात होईल का? पानिपतला जावं का, की तिथं बघण्यासारखं काही नाही?

आग्र्याचं आधी उरकतो. डिसेंबरअखेर एका दिवसात आग्रा करू नका. धुकं रात्री उतरतं आणि सकाळी दहा-अकराशिवाय हटत नाही. पहाटे निघालात तर यमुना एक्सप्रेसवेवर गाडी रांगत जाते (हिवाळ्यात तिथली वेगमर्यादाही ताशी १०० वरून ७५ करतात), आणि पोचल्यावर ताज दिसतच नाही. दुपारी जा, रात्री मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी अकरानंतर ताज बघा. शुक्रवारी ताज बंद.

आता पानिपत. "तिथं काय, एक खांब आहे" हे आपलीच माणसं सांगतात. मला हे अजिबात पटत नाही.

तुम्ही नेमके पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या दिवसांत चालला आहात. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. तिथून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे अडीच महिने, मराठा फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊंचा तळ पानिपतला अडकून पडला. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशा संपली. उपाशी माणसं, उपाशी घोडी, आणि वर ही थंडी. काला अंबला, म्हणजे लढाईच्या स्मारकापाशी, उभं राहून चारही बाजूंना बघा: ना डोंगर, ना खिंड, ना किल्ला. मोड झाल्यावर पाठ टेकायला जागाच नाही. आपल्या घाटावरच्या माणसाला हे पुस्तकातून कळत नाही, त्या सपाटीवर उभं राहिल्यावर लगेच कळतं.

दिवस असा आखा. सकाळी साडेनऊला मेट्रोनं काश्मीरी गेटला या. तिथल्या आयएसबीटीवरून (आंतरराज्य बसस्थानक) हरियाणा रोडवेजच्या बस सतत सुटतात. अंतर सुमारे ९० किलोमीटर, दोन तास धरा. चंदीगडकडे जाणाऱ्या काही बस पानिपतच्या उड्डाणपुलावरून थेट पुढे निघून जातात, म्हणून शहरात थांबणार का हे चढण्याआधीच कंडक्टरला विचारा. रेल्वेच्या वेळेवर बेत आखू नका, धुक्यात गाड्या तासन् तास लेट होतात. जाताना उजव्या हाताला, यमुनेच्या अंगाला बुराडी आहे. १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे तिथंच पडले. खिडकी उजवीकडची घ्या.

पानिपतला उतरलात की जाऊन-येऊन रिक्षा ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोला, कारण काला अंब शहराबाहेर आहे आणि परतीची रिक्षा तिथं मिळेलच असं नाही. विटांचा स्तंभ, भोवती लोखंडी कुंपण, बाग. तास पुरतो, पण तो तास द्या. परतताना देवीचं मंदिर, इब्राहिम लोदीची कबर आणि वेळ उरला तर बाबरानं बांधलेली काबुली बाग मशीद. चारच्या आत परतीची बस धरा. साडेपाचला सूर्य मावळतो आणि मग हायवेवर पुन्हा धुकं.

दिल्लीत लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास पानिपतच्या आधी बघा. त्याचं चांदीचं छत भाऊंनी ऑगस्ट १७६० मध्ये उतरवून वितळवलं, फौजेचा पगार भागवायला. तंगी तेव्हापासूनच होती हे तिथं समजतं. लाल किल्ला सोमवारी बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा रोज उघडे, ते सोमवारी ठेवा.

बाकी किरकोळ. खोली घेताना हीटर आहे का ते विचारा, साध्या हॉटेलांत नुसता गीझर असतो. एका जाड जॅकेटपेक्षा आतून थर्मल आणि वर दोन थर बरे, कारण सकाळी सात-आठ अंश आणि दुपारी वीसच्या आसपास. परतीचं विमान सकाळचं घेऊ नका.

आणि हो, आईवडिलांपैकी कुणाला दमा असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला तर त्यांना बाहेर नेऊच नका, एन-९५ मास्क असला तरी. प्रदूषण वाढल्यावर लागणाऱ्या निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू झाला की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल (म्हणजे जुन्या धूर-मानकांच्या) मोटारींना दिल्लीत बंदी येते. टॅक्सी ठरवताना सीएनजी किंवा बीएस-६ आहे ना, हे विचारूनच पैसे भरा.