विमानाचं वजन कुणी ठरवायचं?

प्रश्न : मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. अमेरिकेतून आराखडे मागवून दोन आसनी विमान स्वतः बांधायचं मनात आहे. घरी बांधलेल्या विमानाला ६०० किलोची मर्यादा असते असं वाचलं, दुसरीकडे ११५ किलो असं लिहिलेलं होतं. यातलं खरं कोणतं? आणि तपासणी विमान पूर्ण झाल्यावरच होते ना?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आकडे दोन्ही खरे आहेत, पण तुमच्या विमानाचे नाहीत. ११५ किलो, म्हणजे २५४ पौंड, हे अमेरिकेतल्या इंजिनवाल्या अल्ट्रालाइटचं, म्हणजे अगदी हलक्या विमानाचं, कमाल रिकामं वजन. माणूस एकच, पेट्रोल पाच गॅलन, आणि वैमानिकाला परवाना लागत नाही. ६०० किलो हे तिथल्या लाइट स्पोर्ट विमानाचं उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन होतं. स्पोर्ट पायलटचा परवाना असलेल्याने काय उडवावं ते या आकड्यावरून ठरत असे. ऑक्टोबर २०२५ पासून तीही कसोटी बदलली. आता वजनाऐवजी स्टॉलचा वेग पाहतात, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग. ब्रिटनने मात्र २०२१ मध्ये मायक्रोलाइट या हलक्या विमानांची हद्द वाढवून ६०० किलोवर नेली. म्हणजे एकाच आकड्याचा एका देशात एक अर्थ, दुसऱ्यात दुसरा.

हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला अमेरिकेत वजनाची कायदेशीर कमाल मर्यादाच नाही. अट आहे ती निम्म्याहून जास्त काम हौसेखातर, स्वतःच्या हाताने केल्याची. कमाल वजन बांधणारा स्वतः लिहून देतो. तेव्हा ‘मर्यादा किती’ हे सरकारला विचारण्याआधी आराखडा करणाऱ्याला विचारा. त्याने ६०० किलो धरून स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारी मुख्य तुळई, काढला असेल, तर तुम्ही कागदावर ६५० लिहिल्याने स्पार जाड होत नाही.

आता हिशोब करू. समजा रिकामं विमान ३५५ किलो भरलं. ६०० मधून उरले २४५. पंचाहत्तर किलोची दोन माणसं बसली की राहिले ९५. ऐंशी लिटर पेट्रोलचे साधारण ५८ किलो. सामानाला ३७. आता बांधताना हौस आवरली नाही, जाड गाद्या, दुसरा रेडिओ, रंगाचा तिसरा हात असं करत तीस किलो चढले, तर सामानाचे सातच किलो उरतात. मग लोक काय करतात, तर पेट्रोल कमी भरतात. ते मला अजिबात आवडत नाही.

वजन किती यापेक्षा कुठे, हे जास्त छळतं. विमान पातळीत ठेवून तिन्ही चाकांखाली एकेक काटा ठेवायचा, वारा नको म्हणून खोलीची दारं-खिडक्या बंद, छताचा पंखाही बंद. नाकाच्या टोकापासून पुढचं चाक ०.६ मीटरवर आणि त्यावर ७५ किलो, मागची दोन चाकं २ मीटरवर आणि त्यांवर मिळून २८० किलो, असं धरा. ७५ गुणिले ०.६ म्हणजे ४५, २८० गुणिले २ म्हणजे ५६०. बेरीज ६०५, तिला ३५५ ने भागा. गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोलून राहील तो बिंदू, १.७० मीटरवर आला. आता शेपटाकडे, साडेपाच मीटरवर, फक्त पाच किलो वाढवा. गुरुत्वमध्य पाच सेंटीमीटरहून जास्त मागे सरकतो! बऱ्याच छोट्या विमानांत पुढून मागे सगळी मिळून मुभा वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणून रंग दिल्यावर पुन्हा वजन करायचं, आणि एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या, रंगवले असतील तर त्यांचा तोल नव्याने तपासायचा, नाहीतर वेगात फ्लटर, म्हणजे वाढत जाणारी थरथर, होऊन पंख तुटू शकतो. हँगरमध्ये आयुष्य घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय : सुटा भाग बसवण्याआधी काट्यावर ठेवून वहीत लिहिणारा माणूसच विमान पुरं करतो.

तपासणी शेवटी, हा तुमचा समज आधी काढून टाका. पंखावर कापड किंवा पत्रा चढला की आतलं काही दिसत नाही. कॅनडात झाकण्याआधी एक तपासणी आणि उड्डाणाआधी शेवटची, असा रिवाज आहे. ब्रिटनमध्ये निरीक्षक टप्प्याटप्प्याने सही करतो. अमेरिकेत सरकारी माणूस बहुधा शेवटीच येतो, पण त्याला फोटो आणि कामाची नोंदवही दाखवावी लागते. त्यानंतर चाचणीचे तास : इंजिन आणि प्रोपेलर दोन्ही प्रमाणित जोडीचे असतील तर सर्वसाधारणपणे २५, नाहीतर ४०. पुढे दर बारा महिन्यांनी तपासणी.

मुंबईत बांधणार म्हणून दोन गोष्टी. लाकडी पंख जुलैत चिकटवू नका, लाकूड ओल धरतं. आणि दर वेळी उरलेल्या गोंदाचा एक नमुना जोड करून, तारीख टाकून, दुसऱ्या दिवशी तोडून पाहा. लाकूड फाटलं पाहिजे, सांधा सुटता कामा नये. ॲल्युमिनियम असेल तर रिव्हेट मारण्याआधी आतून प्रायमर, कारण खारी हवा सांध्यात शिरते. नागदेवी स्ट्रीटवर हुबेहूब दिसणारे बोल्ट मिळतील. दिसू देत. विमानाचा बोल्ट कागदांसकट येतो.

आणि आराखड्याचे पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, कार्यालयात लेखी विचारा की हे विमान कोणत्या वर्गात बसेल. अमेरिकन नियम इथे चालत नाहीत.

प्रश्न : आमच्या इमारतीतला एक मुलगा गच्चीवर विमान बांधायची परवानगी मागतोय. द्यावी का?
– सोसायटीच्या सचिव, बोरिवली

उत्तर : तुमच्या शेजारीच, कांदिवलीत, कॅप्टन अमोल यादव यांनी गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये ते बीकेसीत लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ ला झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ ला. तेव्हा मुलाला हसू नका. पण अटी घाला. स्लॅबवर किती भार चालेल ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. गच्चीवर पेट्रोल आणि इंजिन सुरू करणं, दोन्ही बंद. पावसाळ्यात ताडपत्री बांधायची ती वारा धरणार नाही अशी. आणि पंख किती लांब होणार, ते खाली कसे उतरवणार, हे त्याच्याकडून आजच लेखी घ्या.